फियाटची दारं

राजा पार्कातल्या हाडांच्या दवाखान्यात सगळ्या हिंदी बोलण्यात मराठी कानावर पडलं, तसा नंबराची वाट पाहणाऱ्या ज्ञानदाने मोबाइल खाली ठेवला. समोर मनगट सुजलेल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा बसले होते.

"आई, सत्तराव्या वर्षी फियाटची दारं उतरवायची, मतलब काय?"

"खालून गंजलीत. उतरवल्याशिवाय घासू कशी?"

"उद्या हॉटेलवाले गाडी न्यायला येतायत!"

"म्हणून तर आजच हात घातला."

"लॉनवर सजवून ठेवणार होते. लोक फोटो काढतील."

"तुझ्या बाबांनी मला तिच्यावर शिकवलं ते फोटोसाठी नाही. मी चालवणार आहे."

"आणि परत बसवशील कशी? एक सूत इकडेतिकडे झालं तरी दार लागत नाही."

"बिजागऱ्यांभोवती खुणा करून ठेवल्यात. नेलपॉलिशने."

"डॉक्टरांना काय सांगणारेस आता?"

आतून हाक आली. मुलाने पुढे केलेला हात बाजूला सारून बाई उठल्या. ज्ञानदाने पाय आवरून वाट दिली.

"सांगेन, दोन उतरलीत, दोन राहिलीत. संध्याकाळपर्यंत मनगट चालतं करून द्या."