रविकांतचं रिव्हॉल्व्हर आणि माझा अंगठा

...आणि वर मलाच म्हणतो, "मास्तर, तुझं बरं आहे, तुझ्याकडे गाडी आहे." अहो, गाडी आहे म्हणून काय मी लोकांच्या पिस्तुलांना स्थळं दाखवत हिंडायचं? पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्व्हर... पिस्तूल म्हटलेलं त्याला खपत नाही. तुम्हाला सांगतो, मी मस्कतमध्ये एका शाळेत इतिहास शिकवतो, मदिनत सुलतान काबूसला राहतो, आणि माझ्या वरच्या मजल्यावर होता हा रविकांत. एका बांधकाम कंपनीत बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. माणूस कसा, तर जिना उतरताना कठडा धरणार, गाडीत मागे बसलेल्यालाही पट्टा लावायला लावणार, बायको, म्हणजे आमच्या विद्यावहिनी, फोडणी करायला लागल्या की ओट्यापासून चार पावलं मागे सरणार. त्याला कंपनीने २००४ साली ट्रेनिंगला स्पेनला पाठवलं, तर अशा माणसाने तिथून काय आणावं? अत्तर? चॉकलेटं? रिव्हॉल्व्हर!

नकली, हो. घाबरू नका. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले घोडेस्वार कमरेला लावत त्याची हुबेहूब नक्कल. धातूची, लाकडी मुठीची, किलोभर वजनाची, नळी पुढून बुजवलेली. गोळी जायची सोयच नाही. आता ह्या जातीचं वैशिष्ट्य ऐका. नुसता चाप ओढून काहीएक होत नाही. आधी वरचा घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, खट्, खट्, खट्, खट्, चार खटके, आणि मगच चाप. सहा बार काढायचे तर सहा वेळा अंगठा. इतकं अडचणीचं हत्यार! त्याच्या पाठोपाठ किती सोयीची, किती चपळ हत्यारं निघाली, तीही जुनी होऊन गेली, आणि कारखाने आजही नकला काढतात त्या ह्याच्याच. का? मी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. एक तर त्याचं पोट उघडं असतं: काय कशाने फिरतं ते डोळ्यांना दिसतं, किल्लीच्या जुन्या घड्याळासारखं. दुसरं म्हणजे, ते दर खेपेला माणसाला थांबवून विचारतं, नक्की ना? पण हा झाला विचार. विचार करतं डोकं. वस्तू हातात आली की डोकं राहतं बाजूला आणि अंगठा जातो त्या घोड्यावर. तुम्ही काही करा, अंगठा काही ऐकत नाही.

विद्यावहिनींच्या भिशीत एक खतिजाबाई येत असत. मुंगीलाही वाट करून देणाऱ्या बाई. शोकेसमध्ये वस्तू दिसली, "शी, घरात कशाला ठेवता," असं म्हणतच उचलली, चार खटके, एक डोळा बारीक, आणि हळूच म्हणाल्या, "बरं वाटतं गं." काय करणार! अंगठा काही ऐकत नाही.

तर गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाला, तेलाचे भाव पडले आणि रविकांतच्या हातात पत्र पडलं. बावीस वर्षं, एक पान, खलास. महिन्याभरात पुण्याला. भांडी गेली, पुस्तकं गेली, आणि सामान नेणाऱ्या एजंटाने ही वस्तू पाहिली मात्र, खोका बंद करून टाकला. नकली असो, बुजवलेली असो, विमानात नाही म्हणजे नाही. शनिवारची तिकिटं. विद्यावहिनी म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत घर बघून द्या तिला, नाहीतर मी खालच्या कचऱ्याच्या पेटीत टाकते. त्या बोलल्या की करतात.

आणि मग सुरू झालं वरसंशोधन! कुणालाही द्यायची नाही, म्हणे. बघून द्यायची. कसोटी काय, ते सांगायचं नाही. सोमवारी अल अमेरातला प्रसादकडे. प्रसाद कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गोड. त्याने हातात आल्या आल्या बोटाभोवती गर्रकन फिरवली, थेट चाप ओढला आणि म्हणाला, "काका, बिघडलंय हे." मग कळल्यावर चार खटके... आणि टक्क! घोडा आपटला. रविकांतने हातातला चहा खाली ठेवला, वस्तू फडक्यात गुंडाळली, उठला. गाडीत विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "योग नाही." बुधवारी बाळकृष्ण, आमच्या मंडळाची नाटकं बसवणारा. त्याने पाय फाकवले, हनुवटी वर केली, चार खटके, टक्क, आणि म्हणाला तिसऱ्या अंकाला हीच हवी होती. योग नाही! अहो, मुलीच्या बापानेसुद्धा इतक्यांदा योग नाही म्हटलं तर पोरगी घरात राहते!

राहता राहिला शुक्रवार आणि राहता राहिला उस्मान. रविकांतच्या साइटवरचा जुना स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचा, आता इब्रीच्या बाजारात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान. इब्री म्हणजे तीन तास. जायला तीन. यायला तीन. पेट्रोल माझं, सुट्टी माझी, बायकोचे, देविकाचे, टोमणे तेही मलाच. "जा, वऱ्हाडी मंडळी वाट बघत असतील." वाटेत निझवाचा किल्ला लागतो, इतिहासाचा मास्तर आहे मी, म्हटलं पाच मिनिटं थांबू... तर हा घड्याळ दाखवतो आणि फडक्यातली गाठ मांडीवर धरून बसतो.

उस्मानने मात्र मन जिंकलं. आधी हात पुसले. वस्तू दोन्ही तळव्यांवर घेतली, पात्याचं पोलाद पारखावं तसं वजन पाहिलं, मग अंगठा गेला. खट्... खट्... खट्... खट्. संथ. डोळे मिटून ऐकले. रविकांत पुढे झुकला. आणि टक्क!

तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा बघवेना. तीन तास वाळवंट तुडवून आलेला माणूस, आणि उद्या विमान. उस्मानच्याही ते ध्यानात आलं. त्याने वस्तू गल्ल्यावर ठेवली, चहा पुढे केला आणि म्हणाला, "रविकांतभाय, तुमी कसला कस लावताय, ता तरी सांगा."

 रविकांत कपातच बघत खालच्या आवाजात म्हणाला, पत्र मिळालं त्या संध्याकाळी हीच हातात घेऊन बसलो होतो. साहेब डोळ्यांसमोर होता. आणि पुढे म्हणाला, "घोडा चढवायला कुणालाही येतं रे. न आपटता उतरवता आला पाहिजे. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

 उस्मान खाली बघतो, रविकांत खाली बघतो, मी कुठे बघू? समोर गल्ल्यावर ही पडलेली. अवघडल्यावर माणूस हाताला येईल ते चाळवतो, पेन चाळवतो, चष्मा चाळवतो... खट्, खट्, खट्, खट्.

दोघांनी वर पाहिलं. आता घोडा उतरवायला हवा ना? आमच्या घरी रिकामी कात्री वाजवू देत नसत, रिकामा अडकित्ता तर नाहीच नाही. वाजवला की घरात भांडण होतं. बुद्धीला मी हे मानत नाही, इतिहासाचा माणूस आहे. पण अंगठ्याला इतिहास कोणी शिकवला? त्याने घोडा धरून ठेवला, बोटाने चाप ओढला, आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा तो घोडा खाली टेकवला. आवाज नाही.

रविकांत माझ्याकडे असा बघत होता... अहो, मी म्हटलं, नाही! मी फक्त गाडी चालवतो! उस्मान तोवर हसायला लागला होता. "मास्तर, वऱ्हाडातलाच नवरा निघाला की हो."

झालं. आता ती माझ्या घरी, अ‍ॅटलसच्या मागे. देविका माझ्याशी दोन आठवडे बोलत नव्हती, म्हणजे कात्रीचं खरं का खोटं ते तुम्हीच ठरवा. रविकांत गेला. पुण्यात त्याला नवी नोकरी नाही, मिळेल, इन्शाल्ला. पण दर शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो. हवा विचारतो, शाळा विचारतो, मग घसा खाकरतो. म्हणतो, "मास्तर, जरा ऐकव."

मी फोन टेबलावर ठेवतो. चार खटके. मग शांतता, कारण उतरवण्याला आवाजच नसतो. त्यामुळे तो विचारतो, "उतरवलास ना?"

"उतरवला."

"बरं," म्हणतो आणि ठेवतो. एवढ्यासाठी फोन! मी देविकाला सांगून टाकलंय, पुढच्या शुक्रवारी मी उचलणार नाही. मला पेपर तपासायचे असतात, माझाही काही वेळ आहे, मी काय जन्मभर लोकांचे घोडे चढवत-उतरवत बसू? बोलून चालून नकली वस्तू! ठाम सांगितलं. ती फक्त माझ्या हातातल्या वस्तूकडे बघत होती. आणि वार, तुम्हाला सांगतो, मंगळवार होता.

अंगठा काही ऐकत नाही.