डावीकडचं दार

—नाही हो, पूर्ण नाही ऐकलं, तेच तर सांगतेय. कचरा टाकून वर येत होते, तर खालची शिवणवाली जावेला सांगत होती — कॉम्प्युटरनं शोधून काढलं म्हणे, कारखान्यात आलेलं ते निनावी पत्र तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनंच — आणि मला बघितलं, की लावलं दार. आता तिसऱ्या मजल्यावर दारं दोनच. डावीकडचं हे माझं, उजवीकडचं त्या पोरीचं. कारखान्यात जाते ती, मी आपली घरात, मग लोक बोट कुणाकडे दाखवणार? बसा ना भाऊ, ती सहाला येते. बंद दाराशी ताटकळण्यापेक्षा चहा घ्या. त्या तपासासाठीच आलात ना? गळ्यातल्या कार्डावरनंच ओळखलं मी. उद्या तिला साहेबांपुढे उभी करणार आणि घरी बसवणार, हेही कानावर आलंय. खोटं कशाला बोलू, भिंत पातळ आहे.

मग तुमच्या हातातला हा कॉम्प्युटरचा कागद काय तो जरा समजवा मला. म्हणजे अक्षर नाही बघत? — खरंच की, टाईप केलेल्या पत्राला अक्षर कुठलं. मग वाक्यं किती लांब, 'आणि' किती वेळा, 'म्हणजे' कुठे येतं, कुठला शब्द सारखा तोंडात बसलाय, हे सगळं मोजतं? अगंबाई. म्हणजे जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते मी न बघता सांगते, तसंच झालं हे. चप्पल बदलली तरी चाल बदलत नाही माणसाची. आणि पत्राची चाल तिच्या रजेच्या अर्जांशी जुळली? चार वर्षांच्या सगळ्या? — हुशार आहे हो तुमचं यंत्र. खोटं कशाला बोलू, माझ्या सासूबाईसुद्धा एवढ्या बारीक नजरेच्या नव्हत्या.

पण त्याला हे कोण सांगणार, की त्या पोरीला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी घाम फुटतो! इथेच बसते, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर, मी भाजी चिरता चिरता सांगते, ती मोबाईलवर टिपते, खाली नाव घातलं की झाला अर्ज. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण अर्जाला वळण कसं द्यायचं ते कळतं मला — एकदम रजा मागायची नाही, आधी साहेबाला जरा हळवं करायचं. तिचा दमा, बहिणीचं लग्न, दाढदुखी, खोटं कशाला बोलू, सगळे अर्ज माझेच — म्हणजे माझे म्हणजे, शेजारधर्म हो. आता त्याचीही वेगळी शिक्षा देऊ नका तिला.

पत्राचं? पत्राचं मला काय माहीत? एवढंच की कामाच्या वेळात पॅकिंगच्या खोलीला बाहेरनं कुलूप घालतात, बायका सारख्या उठतात म्हणून, आणि किल्ली खिशात घेऊन मुकादम जेवायला जातो. आत एवढ्या बायका, खिडकी वर हातभर, आणि त्यात ही दमेकरी. उद्या एक ठिणगी पडली तर? खोटं कशाला बोलू, माझाच जीव घुसमटतो नुसतं — ते पेन्सिलीनं काय करताय मघापासून? रेघा कसल्या?

दाखवा.

'खोटं कशाला बोलू.' पत्रात दोनदा. अर्जांत अकरा वेळा. आणि मी तोंड उघडल्यापासून चार. बरोब्बर मोजलंत.

हसू नका. मी लिहिलं म्हटलं, तर तिची नोकरी वाचेल, कळतंय मला. पण ती विचारेल ना — मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं नव्हतंच सांगितलं. मोरीत नळ सोडून फोनवर आईजवळ रडत होती, कुणाला बोलू नकोस म्हणत होती. तिला वाटतं, पाण्याच्या आवाजात सगळं झाकलं जातं. आणि मी भिंतीला कान लावून उभी. हातात पेला घेऊन, भाऊ. पेला लावला की स्पष्ट येतं. मग टायपिंगच्या दुकानात जाऊन सांगितलं सगळं, नाव घालू नका म्हटलं. वाटलं, कुलूप निघेल. कुलूप अजून तिथंच, आणि तुम्ही आलात लिहिणारी शोधायला. संध्याकाळी या घरात दुसरं कोण येतं हो माझ्याकडे? गप्प बसले तर तिची भाकरी जाते, बोलले तर तीच जाते.

थांबा. आली. पाचवी पायरी फुटकी आहे, ती गाळून येते — ऐकलंत?

लिहा. मजला बरोबर, दार चुकलं. आणि त्याखाली हेही लिहा, कुलूप कुणी घातलं ते शोधायला यंत्र लागत नाही. चहा राहू दे आता, उठा तुम्ही. नाही, तिला मीच सांगेन, तुम्ही मधे तोंड घालू नका.

ये गं. हे कारखान्यातले, निघालेतच. तू बस. — नको, दार लावू नकोस, उघडंच राहू दे. मला तुला एक —