जयपुरातलं उघडं दार

हसू नका, पण आमच्या मायच्या एका सवयीचे लई उपकार आहेत माझ्यावर.

माय, अण्णा म्हंजे माझे वडील, अन् मी जयपूरला गेल्तो. जुन्या शहरात चार दिवसांसाठी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतल्ता. पहिल्याच सकाळी बघतो तं माय दार सताड उघडं टाकून उंबऱ्यापाशी लसूण सोलून राह्यली.

"माय, हे काय आपलं जाफराबाद आहे का? लाव ते दार!"

"दिवसाढवळ्या दार कशाला लावायचं? घरात माणसं हायेत ना?"

मी रागानं दार लावलं. अंघोळ करून येतो तं पुन्हा उघडं!

तेवढ्यात ध्यानात आलं, दूध आणायला गेलेले अण्णा तासभर झाला तरी आले न्हाई. मोबाइल गादीवरच. पत्ता त्यांना ठाऊक न्हाई. बाहेर सगळ्या गल्ल्या सारख्या, घरं एकाच गुलाबी रंगाची. चप्पल घालून निघालो, तं अण्णा दारात!

"अण्णा, घर कसं सापडलं?"

"लई फिरलो. सगळी दारं बंद. एकच उघडं दिसलं. म्हन्लं, इथं तुझी मायच असंल."

मंग मी पायातली चप्पल काढली अन् दाराखाली अडकवली. वाऱ्यानं लागायला नको.