ओली पाती

सत्त्याण्णव सालच्या थंडीतली सकाळ. कारखान्यातल्या प्रत्येकानं एक दिवस दुसऱ्या खात्यात काम करायचं, ही कल्पना ऑफिसातल्या मनीषाची. सिन्नरला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये ती डोळे मिटून बसली होती. पुढच्या बाकावर रंगखात्यातले पुंजाराम आणि पॅकिंगमधल्या छायाताई बोलत होते.

“काल तुमच्याकडं काम केलं, तवा कळलं. आमची पंख्याची पाती तुमच्याकडं ओलीच येतात.”

“सहा वर्षं पुठ्ठ्यानं वारा घालतोय आम्ही.”

“मग सांगायचं नाय का?”

“आम्हाला वाटलं, रंगच तसा असंल.”

“आजपासून वाळवूनच धाडतो.”

“बरं होईल.”

बस धुक्यातून मोहदरी घाट चढू लागली.

“पण पुंजारामभाऊ, वारा घालताना आम्ही बाया गाणी म्हणतो.”

“मग?”

“रोज दोन-चार पाती ओलीच धाडत जा.”