भिंतीवरचा पूल आणि आमची आई

...नाही, विमानांबद्दल माझी तक्रार नाही, ती घरघरत आमच्या पत्र्यांवरून जातात, फडताळातली भांडी खडखडतात, सवय झालीय. राग आहे तो त्या पुलाचा. तुम्हाला सांगते, पूर्वी तिहुआनात विमान खाली गावात उतरायचं. मग विमानतळ इथे ओताय पठारावर आणला, पार अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या भिंतीला चिकटवून, आणि पुढे कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की भिंतीवरून पूलच टाकू. म्हणजे काय, तर माणूस अमेरिकेतून बॅग ओढत पुलावर चढणार, थेट विमानतळात उतरणार, विमानात बसून चालता होणार. आमच्या धुळीला बूट लागायला नको, आमची तोंडं दिसायला नकोत. म्हणे आंतरराष्ट्रीय.

आमचा लिओबार्दो, माझा धाकटा भाऊ, त्यातलाच. भिंतीपलीकडे सॅन डिएगोत एसी दुरुस्त करतो, कागदपत्रं पक्की, आम्हाला काही तिकडचा व्हिसा मिळत नाही. साहेब दर वर्षी त्या पुलावरून येणार आणि इथून विमानाने आमच्याच देशातल्या ग्वादालाहाराला, सासुरवाडीला जाणार. आई कुठे राहते? विमानतळाच्या कुंपणामागे. तिला काय मिळतं? फोन. "आई, बाहेर पडलो तर ट्रॅफिक, मग पुन्हा रांग..." ट्रॅफिक? अरे, तुझ्या विमानाची चाकं आम्हाला अंगणातून दिसतात.

यंदा म्हणाला, मध्ये तीन तास आहेत, येतो. आईने पहाटे उठून बोकडाचं बिर्रिया शिजवलं, नवी शाल अंगावर घेतली, दारात बसली. दुपारी फोन. "आई, तपासणी होऊन आत आलोय, आता बाहेर कसा येऊ?" आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आर्सेलिया, पातेलं उचल."

गेलो. दारावर पहारेकरी, चेहरा असा की विमानतळ याच्या आजोबांनी बांधलाय. "सेन्योरा, तिकीट?"

"माझा मुलगा आत आहे."

"सगळ्यांचंच कुणी ना कुणी आत असतं. तिकीट?"

म्हणे आंतरराष्ट्रीय, आणि सख्ख्या आईला आत जाता येत नाही. आई वळली. "तिकीट काढ. तो जातोय तिथलंच."

"आई, तू आयुष्यात सरकत्या जिन्यावर चढली नाहीस."

"विमानात कोण बसतंय? त्याचा कान धरते आणि परत येते."

काढलं तिकीट. ती आत गेली, मी बाहेर, गरम पातेलं मांडीवर. बसले, बसले, बसले... शेवटी लिओबार्दोचा फोन, आवाज रडवेला. "ताई, आईने आधी कान पिरगाळला, मग मला जवळ घेतलं, मग मी तिला दारापर्यंत सोडायला निघालो तर ऐकेना. आता विमानात आहे. खिडकी सोडत नाहीये."

मागून आई: "अगं, इतकी वर्षं हे सगळं खालून बघितलं, एकदा वरून बघू दे की."

गेली. त्याला तीन आठवडे झाले. लिओबार्दो कधीच कामावर परतला, अर्थातच त्याच पुलावरून, आणि ही अजून त्याच्या सासुरवाडीत, विहीणबाई म्हणे हिला नाश्ताही हातात आणून देतात. काल मी विचारलं, "आई, परत कधी येतेस?"

"येईन गं. घाई काय? तिहुआनात आहे काय बघण्यासारखं?"

"मी आहे ना."

"तू काय," म्हणाली, "तू असतेसच."