बाळकृष्णाचा चोर

—अगं नको, तिथे नको टेकूस, तुळशीच्या या अंगाला ये. तिकडची माती ओली आहे — म्हणजे ओली नाही, भुसभुशीत आहे — ते जाऊ दे, इकडे बस म्हणजे झालं. कॉफी घे. पुण्याची ना तू? म्हणजे चहा लागत असणार. इथे राहायचं तर सवय कर बाई, बेंगळुरात चहा मागितला तर लोक विचारतात, ताप आलाय का. बरं, काय सांगत होते मी? हां, तुझा तो खेळ. यशश्रीने फोनवर सांगितलं होतं — अक्का, माझ्या ऑफिसातली शाल्मली येईल, घराची चित्रं काढील, तिला आपल्या तुळशीच्या लग्नाचं सगळं सांग. म्हटलं, कशाला? तर म्हणे कॉम्प्युटरवर आपलं घर दिसणार, एकेका खोलीत एकेक माणूस उभा असणार, त्याच्यावर टिचकी मारली की तो बोलणार, आणि खेळणाऱ्याने चोर कोण ते ओळखायचं. टिचकी मारल्यावर बोलणार! आमच्याकडची माणसं टिचकी न मारताच बोलतात. गप्प करायचं काही बटण आहे का तुमच्याकडे? असलं तर दोन दे, एक सुचेतासाठी आणि एक राखीव.

हसू नकोस, लिही. तर अण्णा — दामोदर अण्णा, या घराचे मालक, यशश्रीचे आजोबा. माझे कोण? माझ्या मावसबहिणीचे यजमान. ती गेली, त्याआधी माझे हे गेले, आणि मी आनेकलहून एक ट्रंक घेऊन इथे आले त्याला या माघात एकोणतीस वर्षं होतील. तेव्हा जे. पी. नगर कुठलं आलंय, इथून तलावापर्यंत नाचणीची शेतं होती. मागची ती निळ्या दाराची खोली दिसते ना, ती माझी. अण्णांचा उदबत्तीचा कारखाना. पैसा भरपूर, पण त्यापेक्षा भरपूर नाक. चेष्टा नाही करत, म्हाताऱ्याला ऐंशी लागलंय, डोळ्यांना दोन हातांवरचं दिसत नाही, पण उदबत्ती नाकाशी धरून सांगतात की ही मंगळवारच्या घाण्यातली, आणि मंगळवारी मळणाऱ्या बाईने लसूण सोलला होता. पाहुण्यांचे चेहरे बघतच नाहीत, वास घेतात. जावई विश्वेश्वर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना दारातच म्हणाले, या या, कोट भाड्याचा दिसतोय! खराच होता भाड्याचा. अशा माणसाला साधं तुळशीचं लग्न कसं पुरणार?

ऐक, खेळ असा. बारशीच्या दिवशी सगळे जमतात. मुलगा अजित, त्याची बायको सुचेता, त्यांची मुलगी यशश्री, अण्णांची मुलगी प्रेमा आणि तिचे ते भाड्याच्या कोटवाले विश्वेश्वर. पाचजण. मुहूर्त संध्याकाळचा. नवरदेव म्हणजे आमचा पितळी बाळकृष्ण, एवढासा, अंगठ्याएवढा. सकाळी पाचांपुढे पाच तांदळाच्या पापड्या ठेवायच्या, उलट्या. एकीच्या पोटाला कुंकवाचा ठिपका. प्रत्येकाने आपापली उचलायची, कोपऱ्यात जाऊन बघायची आणि खाऊन टाकायची — पुरावा पोटात! ज्याला ठिपका आला तो चोर. त्याने जेवणाआधी बाळकृष्ण देव्हाऱ्यातून उचलून लपवायचा, आणि बाकीच्यांनी मुहूर्ताच्या आत चोर धरायचा. दिवसभर कुणी कुणालाही काहीही विचारावं. चोर खोटं बोलला तरी चालतं, पण बाकीच्यांनी खरंच बोलायचं, तुळशीची शपथ आहे. जो चोर पकडेल त्याला चांदीचं नाणं आणि अण्णांशेजारचं पान. मी? छे, मी कुठली खेळते. मी पापड्या करते, ठिपका लावते, वाढते. मी म्हणजे — तुमच्या खेळात जिना असतो ना, तशी. सगळे माझ्यावरून जातात-येतात.

गेल्या वर्षीचंच विचारतेयस ना? कळलं मला. यशश्रीने सांगितलंच असेल, गेल्या वर्षी चोर सापडलाच नाही. तुला खेळाला शेवट हवाय. मला काय माहीत चोर कोण? मी आपली फोडणीपाशी. पण झालं काय ते सांगते. सकाळीच अण्णांनी जाहीर केलं — यंदा नाणं नाही, यंदा जो चोर धरेल त्याच्या नावावर हे घर. प्रेमाच्या हातातला चमचा पडला. अजित तर असा सावध बसला, जसा कॅरमला बसतो. कारण त्याला घाई होती. आदल्याच आठवड्यात तो एका बिल्डरला घेऊन आला होता, अण्णा झोपलेले असताना. इथेच उभे होते दोघं. चार मजले, सोळा फ्लॅट, ही तुळस काढून इथे मोटारी लावायच्या. आणि माझी खोली? माझ्या खोलीत जनरेटर! मी तांदूळ निवडत होते, माझ्यासमोरच बोलले. जिन्यासमोर कोण आवाज खाली करतं?

बरं, मग पापड्या उचलल्या, खाल्ल्या, दहा वाजता देव्हारा रिकामा. झाली सुरुवात. सुचेताने प्रेमाची पर्स उलटी केली, त्यात आमचेच दोन चमचे निघाले. विश्वेश्वरांवर कुणी संशयच घेईना, तर त्यांना इतका अपमान वाटला की बारा वाजता स्वतःच म्हणाले, मीच तो चोर! मग बाळकृष्ण कुठाय? तर ते काही सांगता येईना, मग शपथ आठवून माघार. अजितने त्यांना विचारलं, तुम्ही नाही ना? ते म्हणाले, नाही. खरं बोललात? म्हणे हो. मग अजितचा संशय आणखी वाढला! सगळं असंच. तू नाहीस ना — नाही. तू? — नाही. पाचही जण खरं सांगतायत आणि एकाचाही दुसऱ्यावर विश्वास नाही. मला तर पदर तोंडात कोंबून हसावं लागलं, पाचही पापड्या पांढऱ्या असल्यावर दुसरं काय —

चार. चार म्हटलं मी. चार पांढऱ्या आणि एक ठिपक्याची. पाच कुठे म्हटलं?

म्हटलं का? बरं... इकडे बघ. ती पेन्सिल खाली ठेव आधी. ठेव. तुला शपथ घालत नाही, तू मला परकी, पण माझी कॉफी प्यायली आहेस, आमच्या आनेकलकडे कॉफीलाही मिठाइतकंच मानतात. हो, नव्हता लावला ठिपका. कुंकवाचा करंडा उघडला आणि मिटला. चोर कुणीच नसला तर धरणार कुणाला? कुणी धरला नाही की घर अण्णांचं अण्णांकडे, माझी खोली माझ्याकडे, आणखी एक वर्ष. मी काही कुणाचं घेतलं नाही. बाळकृष्ण? तो काय चालत गेला? घेतला मी. सगळ्यांच्या देखत घेतला, देव उजळायला म्हणून! त्या दिवशी मला त्या पाचांनी अकरा वेळा कॉफी मागितली, दोनदा सुपारी, एकदा डोकेदुखीची गोळी. बाळकृष्ण कुठाय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं बघ. खोटं बोलायची सूट चोराला असते, मला तर ठिपका आला नव्हता.

पण एक गंमत — गंमत कसली म्हणा. जेवताना यशश्रीने बापाला विचारलं. पोरगी हुशार, सगळ्यांचं चाललं होतं बाळकृष्ण-बाळकृष्ण, हिने विचारलं, बाबा, घर तुम्हाला मिळालं तर अक्काचं काय करणार? मी पुरणपोळीवर तूप वाढत होते, अजितच्याच पानात. तो म्हणाला, तिच्या ट्रंकेसकट आनेकलच्या बसमध्ये बसवून देणार, दुसरं काय. आणि सगळे खो-खो हसले! टाळ्या! अजितच चोर, धडधडीत खोटं बोलतोय, अक्कावाचून याला सकाळी मोजे सापडत नाहीत! तोही हसला. पंगतीत एकटीला मला ठाऊक होतं, आज इथे खोटं बोलायची सूट कुणालाच नाहीये. तूप जरा जास्तच पडलं त्याच्या पानात. हात थांबेना.

नाही, रडत नाहीये, धूर आहे. चुलीचा. बरं, गॅस आहे, तरी धूर असतो.

संध्याकाळी मग सुपारीला नवरा करून लग्न लावलं. अजून मिळाला नाही बाळकृष्ण. तो कुठे आहे ते विचारू नकोस. विचारतेयस. आणि माझ्याकडे बघ, मातीकडे काय बघतेस! ... मघाशी बसू नको म्हटलं तेव्हाच कळलं होतं तुला? चांगलीच आहेस की. हो, तिथेच आहे. उजव्या अंगाला, वीतभर खाली, हिंगाच्या रिकाम्या डबीत. चांगली घट्ट झाकणाची आहे, पितळ काळं पडणार नाही. घरभर नवरा शोधत होते आणि नवरा वर्षभर नवरीच्या मांडीवर! रोज दिवा लावते, देवाची आबाळ नाही होऊ दिली.

आता परवा पुन्हा बारस. आणि अण्णांचं नवीनच. स्वल्प भ्रमिष्ट झालेत असं सुचेता म्हणते, मला पटत नव्हतं, पण आज सकाळचं ऐकून मलाही वाटलं. म्हणाले, यंदा नियम उलटा — चोर सापडला नाही तर हे घर चोराला! ऐकलंस? चोराला! अजित किती खूश, त्याला वाटतंय ठिपका कसाही करून आपल्याला यावा; सकाळपासून तीनदा स्वयंपाकघरात येऊन गेला, अक्का कशी आहेस, अक्का गुडघे कसे आहेत. एकोणतीस वर्षांत गुडघे दिसले नव्हते. आता मी करू काय? ठिपका लावला तर ज्याला येईल तो यंदाचा नवरा, ती सुपारी, लपवणार, आणि तो न सापडला तर घर त्याचं. नाही लावला तर चोरच नाही, मग घर कुणाला? डोकं चालेना. थांब, तुला माझ्या वह्या दाखवते. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं उदबत्तीच्या पुड्यांवरची लेबलं वाचून वाचून आलं. बँकेची डायरी अण्णा दरवर्षी मलाच देतात, मी रोज लिहिते, काय शिजलं, कोण आलं, कोण काय म्हणालं. तुला खेळात घालायला उपयोगी पडेल. ही बघ गेल्या वर्षीची बारस.

'पुरण दोन किलो. अण्णा साडेअकराला तुळशीला प्रदक्षिणा घालून आत आले. म्हणाले, अनुसूये, तुळशीला हिंगाचा वास येतो. मी म्हटलं, माझ्या हाताचा असेल. म्हणाले, असेल. पंगतीत अजितच्या बोलण्यावर सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पोळी टाकून उठले.'

टाकून उठले. लिहिलंय खरं मी. दात दुखत असेल म्हटलं होतं.

पुढचं पान. 'तेरस. अण्णांनी तुळशीला पाणी डाव्या अंगाने घातलं. रोज मधोमध घालतात.' चतुर्दशी, 'पाणी डावीकडे. खांदा दुखतो का विचारलं. नाही म्हणाले.' पौष, 'डावीकडे.' ही यंदाची वही, बघ ना, चैत्रातही... मी लिहीत गेले नुसती. रोज लिहीत गेले.

आणि बुधवारी — थांब, बुधवारचं पान — 'रघुपती वकील आले. माझं पूर्ण नाव विचारून घेतलं, वडिलांचं, यजमानांचं, आनेकलचा पत्ता. सही घेतली. रेशनकार्डाचं असेल.' आणि आज सकाळी, तो उलटा नियम सांगून झाल्यावर, जाता जाता म्हणाले, पापड्या कर हो अनुसूये. गेल्या वर्षीसारख्याच कर.

गेल्या वर्षीसारख्याच.

...

काय? नाही, काही नाही झालं. बस अशीच. म्हणजे ऊठ. ऊठ, ऐक ना, चपला वाजतायत, अण्णाच आहेत, या वेळेला तांब्या घेऊन येतात. वही मीट. इकडे ये, दाराआड. बोलू नकोस. वास येईल तुझा, येऊ दे. बघ — बघ हां, कुठे घालतात —

डावीकडे.

बरं, नीघ तू आता. कोरमंगलाची बस कोपऱ्यावरून आहे. तुझ्या खेळाचा शेवट? तो बारशीनंतर येऊन ने. मला आता वेळ नाही बाई, पाच पापड्या लाटायच्या आहेत. आणि जाता जाता तो कुंकवाचा करंडा वरच्या फळीवर ठेव, तुझा हात पोचतो. यंदाही लागणार नाही.