जागेचा मालक कोण?

आमच्या छावणीतल्या दत्ताभाऊंचं ऐका. साठी उलटली, तरी आपल्या हॉटेलात गल्ल्यावर बसून बिडी ओढायचे. एकदा मी गल्ल्यापाशी चहा घेत असताना तपासणीला साहेब आले. म्हणाले, "आत ओढायला बंदी आहे."

भाऊ लई भडकले. "हॉटेल माझं, जागा माझी! मला कोण अडवतंय?" अन् गल्ल्यातून जागेचा कागद काढून आपटलाच.

साहेबांनी निवांत वाचला. "जागा तर गंगूबाईंच्या नावावर आहे. कोण या?"

"आई माझी. वरच राहते."

"बोलवा मग. मालकिणीशीच बोलतो."

भाऊंनी झटकन बिडी माझ्या चहात बुडवली. "हळू बोला साहेब! दंड किती तो घ्या, पण मी ओढतो हे आईला अजून माहीत नाय."